व्हर्च्युअलबॉक्स घरच्या कॉम्प्युटरवर बसत नसेल तर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंजिनिअरिंग किंवा बीसीएच्या दुसऱ्या वर्षात लिनक्सची प्रॅक्टिकल्स सुरू झाली की घरी उबुंटू, म्हणजे लिनक्सचाच एक लोकप्रिय प्रकार, लागतं, आणि घरात विंडोजचा एकच लॅपटॉप असतो. त्याच लॅपटॉपवर बाबांच्या इन्कम टॅक्स रिटर्नचे कागद असतात, फोनमधून काढून ठेवलेले लग्नाचे फोटो असतात, ताईचं ऑफिसचं काम असतं. म्हणून विंडोजला धक्का न लावता एका वेगळ्या खोलीत लिनक्स चालवायचं, हा व्हर्च्युअल मशीनचा मार्ग मला सगळ्यात भला वाटतो. या पानावर विंडोज 10 किंवा 11 आणि त्यावर असं व्हर्च्युअल मशीन चालवणारा ओरॅकलचा प्रोग्रॅम, व्हर्च्युअलबॉक्स, धरला आहे, कारण माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या नऊ अडचणी त्याच जोडीच्या असतात. लिनक्स आणि मॅकवाल्यांसाठी शेवटी थोडं लिहिलं आहे.

यजमान आणि पाहुणा म्हणजे काय?

तुमचा खरा कॉम्प्युटर आणि त्यावरचं विंडोज हा यजमान. व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीत चालणारं उबुंटू हा पाहुणा. पाहुण्याला रॅम, प्रोसेसर, डिस्क असं सगळं यजमानाच्या वाट्यातूनच मिळतं. कुठलीही अडचण आली की पहिल्यांदा हे ठरवा : दोष यजमानाकडे आहे की पाहुण्याकडे? इन्स्टॉलर मध्येच बंद पडला किंवा स्टार्ट दाबताच एरर आली, तर यजमानाकडे बघा. उबुंटू सुरू होतंय पण स्क्रीन काळी आहे किंवा नेट नाही, तर पाहुण्याकडे आणि त्याच्या सेटिंगकडे बघा. एवढं वेगळं केलं तरी निम्मा शोध संपतो.

सुरुवात करण्यापूर्वी काय करून ठेवू?

बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची, रिकव्हरी की शोधून वहीत लिहून ठेवा. बाकी सगळं नंतर.

कारण असं, की आजकालच्या बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट झालेली असते आणि घरात कुणाला त्याचा पत्ता नसतो. आपण बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंग्जमध्ये, जाऊन एखादं सेटिंग बदलतो, लॅपटॉप पुन्हा सुरू होतो आणि निळ्या स्क्रीनवर 48 अंकी की मागतो. माझ्या हातून हे मेहुण्यांच्या लॅपटॉपवर झालं. मी फक्त व्हर्च्युअलायझेशन चालू केलं होतं. की त्यांच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर होती, पण ते अकाउंट त्यांनी जुन्या मोबाईल नंबरवर काढलेलं, आणि तो नंबर केव्हाच बंद झालेला. शेवटी जुना ईमेल उघडला तेव्हा रात्री साडेअकराला की मिळाली. तोपर्यंत मुलीचे बारशापासूनचे फोटो गेले असंच त्या घरात सगळ्यांनी धरलं होतं. त्या दिवसापासून की हातात असल्याशिवाय मी कुणाच्या बायोसला हात लावत नाही.

विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'खाली 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' चालू दिसतं का ते बघा. विंडोज 10 वर ते 'अपडेट अँड सिक्युरिटी'खाली असतं. प्रो आवृत्ती असेल तर 'बिटलॉकर' शोधा. चालू असेल तर लॅपटॉप ज्या अकाउंटने पहिल्यांदा सुरू केला, त्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटच्या वेबसाइटवर की मिळते. फोनमध्ये फोटो काढून ठेवला तरी चालेल, फक्त त्याच लॅपटॉपवर ठेवू नका.

माझ्या मशीनला झेपेल का?

8 जीबी रॅम असेल तर झेपेल. उबुंटूला 4 जीबी आणि दोन कोर द्या, आणि ते चालू असताना विंडोजमध्ये ब्राउझरचे पंधरा टॅब उघडे ठेवू नका. रॅमची पट्टी सरकवताना खाली हिरवा आणि लाल भाग दिसतो. लाल भागात जाऊ नका. पाहुण्याला जास्त वाढलं की यजमान उपाशी राहतो आणि दोघंही अडखळतात. डिस्कवर उबुंटूसाठी 25 जीबी मोकळी हवी, मी 40 ठरवतो.

4 जीबी रॅमच्या मशीनवर उबुंटूचा नेहमीचा डेस्कटॉप चालवण्याचा आग्रह धरू नका. लुबुंटू किंवा झुबुंटू हे उबुंटूचे हलके प्रकार घ्या, नाहीतर पेनड्राइव्हवरून थेट लिनक्स चालवा. आणि जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचा लॅपटॉप असेल, तर रॅम वाढवण्याआधी एसएसडी टाका. फरक पहिल्याच दिवशी जाणवेल.

इन्स्टॉलर म्हणतो, 'व्हिज्युअल सी++ 2019 रिडिस्ट्रिब्युटेबल' हवं. हे काय?

प्रोग्रॅमना लागणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या सहायक फाइलींचा हा संच. व्हर्च्युअलबॉक्स 7 पासून तो लागतो. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून त्याचं एक्स-64 पॅकेज उतरवा, बसवा, मशीन रीस्टार्ट करा आणि इन्स्टॉलर पुन्हा चालवा. भलत्या साइटवरून एखादी डीएलएल फाइल आणून सिस्टीमच्या फोल्डरमध्ये टाकू नका. व्हायरस घरात येण्याचा तो अगदी ठरलेला रस्ता आहे.

इन्स्टॉलर पायथॉन नाही म्हणून कुरकुरतो, आणि नेट तुटेल असंही सांगतो.

दोन्ही ठिकाणी 'येस' म्हणा. पायथॉनची गरज फक्त पायथॉनमधून व्हर्च्युअलबॉक्स हाताळणाऱ्यांना असते. नेटवर्कचा ड्रायव्हर बसताना नेट काही क्षण जातं आणि परत येतं. कुणाची ऑनलाइन मीटिंग किंवा परीक्षा चालू असेल तेवढी मात्र थांबू द्या.

पट्टी शेवटपर्यंत जाते आणि मग 'रोलिंग बॅक' म्हणून सगळं परत काढून टाकते.

एक एक गोष्ट करून बघा, सगळं एकदम नको. नाहीतर कशाने सुधारलं ते कळत नाही. आधी विंडोज अपडेट अर्धवट अडकलेलं आहे का बघा, ते पूर्ण करा आणि 'रीस्टार्ट' करा. 'शटडाउन' करून चालू केलं तर फास्ट स्टार्टअपमुळे विंडोजचा गाभा पूर्ण नव्याने सुरू होत नाही, म्हणून इथे रीस्टार्टच हवा. मग इन्स्टॉलरवर उजवं क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'. डी ड्राइव्हवर स्वतः बनवलेल्या फोल्डरमध्ये बसवत असाल तर तो हट्ट सोडा. नव्या आवृत्त्या फोल्डरच्या परवानग्या तपासतात आणि सैल परवानगीचा फोल्डर नाकारतात. प्रोग्रॅम सी ड्राइव्हवर नेमून दिलेल्या जागीच बसू द्या. त्याने जागा फार जात नाही. जागा खाते ती पाहुण्याची डिस्क, आणि ती नंतर खुशाल डी वर ठेवता येते.

'व्हीटी-एक्स इज डिसेबल्ड इन द बायोस' असं येतं. यादीत 64 बिटचं उबुंटूही दिसत नाही.

ही एकाच दुखण्याची दोन लक्षणं. एएमडीच्या मशीनवर हेच वाक्य 'एएमडी-व्ही' किंवा 'एसव्हीएम' नावाने येतं.

प्रोसेसरमध्ये व्हर्च्युअल मशीन चालवण्याची खास सोय असते. इंटेलने ती 2005 मध्ये आणली, एएमडीने 2006 मध्ये. पूर्वी व्हर्च्युअलबॉक्स त्या सोयीशिवायही कसंबसं काम करायचं, 6.1 पासून ते बंद झालं. आता ही सोय चालू नसेल तर मशीन उठतच नाही. आणि घरगुती लॅपटॉपवर कंपनीकडून ती बंद येणं अगदी सर्रास आहे. तुमच्याकडे काय आहे ते बघायला कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजरमध्ये 'परफॉर्मन्स' आणि मग 'सीपीयू' उघडा. आलेखाच्या खाली उजवीकडे 'व्हर्च्युअलायझेशन' या शब्दापुढे 'एनेबल्ड' किंवा 'डिसेबल्ड' लिहिलेलं असेल.

बायोसमध्ये जायचं कसं? एफ-2 दाबून बोट दुखलं.

विंडोजमधूनच जा. सेटिंग्ज, सिस्टीम (विंडोज 10 वर 'अपडेट अँड सिक्युरिटी'), रिकव्हरी, तिथे 'ॲडव्हान्स्ड स्टार्टअप'समोर 'रीस्टार्ट नाउ'. निळी स्क्रीन आली की 'ट्रबलशूट', 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' आणि 'युईएफआय फर्मवेअर सेटिंग्ज'. अगदी जुन्या मशीनवर हा पर्याय नसतो, तिथे बटणच दाबावं लागतं : डेल, एसर आणि असूसवर बहुधा एफ-2, एचपीवर एफ-10, सुटे भाग जोडून बनवलेल्या डेस्कटॉपवर बहुतेक वेळा डिलीट. लेनोव्होच्या काही लॅपटॉपना कडेला टाचणीने दाबायचं बारीक छिद्र असतं, त्यातूनही तो मेनू उघडतो.

आत गेल्यावर प्रत्येक कंपनीने नाव वेगळं दिलेलं. इंटेलवर 'इंटेल व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी' किंवा 'व्हीटी-एक्स', फार जुन्या बोर्डांवर 'व्हँडरपूल'. एएमडीवर 'एसव्हीएम मोड'. एचपीवर बहुतेकदा 'सिस्टीम कॉन्फिगरेशन'मध्ये, इतरांकडे 'ॲडव्हान्स्ड' किंवा 'सीपीयू कॉन्फिगरेशन'मध्ये. 'व्हीटी-डी' दिसलं तर ते वेगळं, त्याला सोडा. तेवढं एकच सेटिंग 'एनेबल्ड' करा, एफ-10 ने सेव्ह करून बाहेर या. सिक्युअर बूट, बूट मोड, साटा मोड यांना हात लावू नका. साटा मोड बदलला तर विंडोज उठणार नाही, आणि दोष बिचाऱ्या व्हर्च्युअलबॉक्सवर येईल.

टास्क मॅनेजर 'एनेबल्ड' म्हणतो, तरी मशीन फार हळू चालतं. खाली हिरवं कासव दिसतं.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून सविस्तर लिहितो.

प्रोसेसरची ती खास सोय एका वेळी एकाच मालकाच्या ताब्यात असते. विंडोजकडे स्वतःचा हायपरव्हायजर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्रॅम, आहे, हायपर-व्ही. तो आधी उठतो आणि चावी स्वतःकडे ठेवतो. मग व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्याकडे मागून काम करावं लागतं. व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीच्या खालच्या पट्टीत उजवीकडे एरवी जिथे प्रोसेसरचं चिन्ह असतं, तिथे हिरवं कासव आलं की समजा, काम असं मागून चाललं आहे. एरर नसते, फक्त गती जाते.

'माझ्याकडे तर विंडोज होम आहे, त्यात हायपर-व्ही नसतोच,' असं बरेच जण म्हणतात. होममध्ये हायपर-व्हीचा मॅनेजर नसतो. खालचा हायपरव्हायजर मात्र असतो, आणि तो तीन दारांनी जागा होतो. विंडोजमधलं लिनक्स, म्हणजे डब्ल्यूएसएल 2, बसवलं तर 'व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म' चालू होतं. अँड्रॉइडचा एखादा इम्युलेटर 'विंडोज हायपरव्हायजर प्लॅटफॉर्म' चालू करतो. आणि विंडोज सिक्युरिटीमधली 'मेमरी इंटिग्रिटी' तर नव्या लॅपटॉपवर चालूच येते.

पहिली दोन दारं बंद करायची तर स्टार्टमध्ये 'टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ' शोधा, त्या दोन ओळींच्या आणि असल्यास हायपर-व्हीच्या टिका काढा आणि रीस्टार्ट करा. डब्ल्यूएसएल किंवा त्यावर चालणारं डॉकर वापरत असाल तर ते बंद पडेल, हे आधी लक्षात घ्या.

तिसऱ्या दाराबद्दल माझं मत स्पष्ट आहे. मेमरी इंटिग्रिटी विंडोजच्या गाभ्यात खोटे ड्रायव्हर शिरू देत नाही. ज्या लॅपटॉपवर घरची नेट बँकिंग चालते, त्यावर कॉलेजच्या प्रॅक्टिकलसाठी ही राखण कायमची उठवणं मला पटत नाही. आधी कासवासकट काम करून बघा. टर्मिनलमध्ये सी चे प्रोग्रॅम लिहायला, शेल स्क्रिप्ट चालवायला ती गती पुरते. अगदीच असह्य झालं तर बंद करा, काम संपलं की पुन्हा चालू करा, आणि ज्यांचा लॅपटॉप आहे त्यांना सांगून करा.

एका व्हिडिओत कमांड प्रॉम्प्टमध्ये 'बीसीडीएडिट'ची एक ओळ टाकायला सांगितली आहे. टाकू का?

ती ओळ हायपरव्हायजरला सुरुवातीलाच उठू देत नाही, आणि काम करते. पण ती विंडोजच्या बूटच्या नोंदीत बदल करते, त्यामुळे इथेही आधी रिकव्हरी की हाताशी हवी. टाकलीच तर शेवटचा 'ऑफ' शब्द परत 'ऑटो' केला की सगळं पूर्ववत होतं, हे की लिहिलेल्या वहीतच लिहून ठेवा. सहा महिन्यांनी डब्ल्यूएसएल का चालत नाही म्हणून डोकं धरून बसलेले बरेच जण मी पाहिलेत. कारण ही विसरलेली ओळच होती.

'नो बूटेबल मीडियम फाउंड' असं येऊन मशीन थांबतं.

उबुंटूची आयएसओ फाइल, म्हणजे इन्स्टॉलेशनची सीडीच फाइलच्या रूपात, मशीनला जोडलेली नाही. सेटिंग्ज, 'स्टोरेज', तिथे रिकाम्या सीडीच्या चिन्हावर क्लिक करून आयएसओ निवडा. जोडलेली असूनही अडत असेल तर फाइल अर्धीच उतरली असण्याची शक्यता मोठी. उबुंटू 24.04 ची डेस्कटॉप फाइल जवळपास 6 जीबीची आहे आणि मोबाईल हॉटस्पॉटवर ती मध्येच तुटते. पॉवरशेलमध्ये 'गेट-फाइलहॅश'ने तिचा शा-256, म्हणजे फाइलच्या ठशासारखा लांब आकडा, काढा आणि उबुंटूच्या साइटवरच्या आकड्याशी ताडून बघा. पहिली आणि शेवटची सहा अक्षरं जुळली तरी तुटकी फाइल ओळखायला पुरे.

उबुंटू आपोआप बसलं, पण मी पासवर्ड ठेवलाच नव्हता! आणि टर्मिनल उघडतच नाही.

व्हर्च्युअलबॉक्स 7 आयएसओ दिल्याबरोबर तुम्हाला न विचारता स्वतःच पूर्ण इन्स्टॉलेशन करू बघतं. तुम्ही काही भरलं नाही तर वापरकर्त्याचं नाव 'व्हीबॉक्सयूजर' आणि पासवर्ड 'चेंजमी' असतो, सगळं लहान लिपीत, मध्ये जागा न सोडता. त्या वापरकर्त्याला सुडोचा, म्हणजे ॲडमिन म्हणून कमांड चालवायचा, अधिकार नसतो, आणि उबुंटू 22.04 मध्ये भाषेची नोंद अर्धवट राहिल्याने टर्मिनलचं चिन्ह क्षणभर फिरून गप्प होतं. सेटिंग्जमध्ये 'रीजन अँड लँग्वेज'मधून इंग्रजीचा दुसरा देश निवडून रीस्टार्ट केलं की ते उघडतं.

पण दुरुस्त्या करत बसण्यापेक्षा ते मशीन काढून टाका आणि नवीन बनवताना 'अनअटेंडेड इन्स्टॉलेशन' वगळायचा पर्याय निवडा. मग उबुंटू सगळे प्रश्न तुम्हालाच विचारेल. वीस मिनिटं जास्त जातील, पण शिकणाऱ्याने ते एकदा स्वतः करावंच.

स्क्रीन काळी राहते. किंवा चालते, पण पोस्टाच्या तिकिटाएवढी.

काळी असेल तर मशीन बंद करून 'डिस्प्ले'मध्ये व्हिडिओ मेमरी 128 एमबी करा, 'थ्रीडी ॲक्सिलरेशन'ची टिक काढा आणि ग्राफिक्स कंट्रोलर 'व्हीएमएसव्हीजीए' आहे याची खात्री करा.

लहान असेल तर गेस्ट ॲडिशन्स, म्हणजे पाहुण्यासाठीचे व्हर्च्युअलबॉक्सचे ड्रायव्हर, बसवायचं राहिलं आहे. आधी उबुंटूमध्ये 'बिल्ड-इसेन्शियल' आणि 'बीझिप2' ही पॅकेजेस घ्या. मग खिडकीच्या 'डिव्हाइसेस' मेनूतून गेस्ट ॲडिशन्सची सीडी घाला. डाव्या पट्टीत सीडी दिसेल, ती उघडा, 'ऑटोरन' नावाच्या स्क्रिप्टवर उजवं क्लिक करून 'रन ॲज अ प्रोग्रॅम' निवडा, पासवर्ड द्या, आणि शेवटी रीस्टार्ट. त्यानंतर खिडकी ओढाल तशी स्क्रीन पसरते.

माउस खिडकीत अडकला!

उजव्या बाजूचं कंट्रोल दाबा. काही नव्या लॅपटॉपवर त्या जागी कोपायलटचं बटण आहे. तिथे व्हर्च्युअलबॉक्सच्या 'प्रेफरन्सेस'मधल्या 'इनपुट'मध्ये जाऊन होस्ट की, म्हणजे माउस सोडवणारं हे बटण, बदलून घ्या.

विंडोजमध्ये मराठी टाइप होतं, उबुंटूत का नाही?

कारण पाहुण्याकडे अक्षरं जात नाहीत, फक्त कुठलं बटण दाबलं ते जातं. विंडोजमध्ये मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड निवडलेला असला तरी उबुंटूला ते कळत नाही. तिथे सेटिंग्ज, 'कीबोर्ड', 'इनपुट सोर्सेस'मध्ये मराठी वेगळं जोडावं लागतं. इन्स्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही मिळतं. मग विंडोजचं बटण आणि स्पेस दाबून भाषा बदलते. विंडोजमध्ये लिहून इकडे चिकटवायचं असेल तर गेस्ट ॲडिशन्स बसवून 'शेअर्ड क्लिपबोर्ड' 'बायडिरेक्शनल' करा. 24.04 वर तरीही चिकटत नसेल तर लॉगिन करताना खालच्या चाकावर क्लिक करून 'उबुंटू ऑन झॉर्ग' निवडा.

पाहुण्यात नेट येत नाही.

सेटिंग्जमधलं नेटवर्क 'नॅट'वर, म्हणजे पाहुण्याला यजमानाचंच नेट मिळेल असं, ठेवा. घरी तेवढंच पुरतं. पाहुण्याला घरच्या नेटवर्कवर वेगळं मशीन म्हणून जोडणारं 'ब्रिज्ड' वायफायवर पुष्कळदा चालत नाही, आणि कारण नसताना ते लावायची गरजही नाही.

काम चालू असताना वीज गेली तर?

लॅपटॉप असेल तर बॅटरीवर असतानाच खिडकी बंद करा आणि 'सेव्ह द मशीन स्टेट' निवडा. उघडाल तेव्हा जिथे होतात तिथून पुढे. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर दर थोड्या वेळाने फाइल सेव्ह करत जा आणि प्रॅक्टिकलचे प्रोग्रॅम पाहुण्याबाहेरही ठेवा, ईमेलने स्वतःला पाठवलेत तरी चालेल. स्नॅपशॉट, म्हणजे मशीनची त्या क्षणाची जपून ठेवलेली स्थिती, घेतला म्हणजे बॅकअप झाला असं समजू नका. स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो. डिस्क गेली की तोही गेला.

यजमानच लिनक्स असेल तर?

'कर्नल ड्रायव्हर नॉट इन्स्टॉल्ड' आणि उणे 1908 हा आकडा आला, तर बहुधा सिक्युअर बूटने, म्हणजे सही असलेलंच सॉफ्टवेअर चालू देणाऱ्या बायोसच्या सोयीने, सही नसलेला ड्रायव्हर अडवला आहे. इन्स्टॉल करताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात, आणि रीस्टार्टनंतरच्या निळ्या स्क्रीनवर 'एनरोल एमओके' निवडून तोच द्यायचा असतो. घाईत 'कंटिन्यू बूट' दाबलं गेलं की ड्रायव्हर अडकलाच.

मॅक किंवा स्नॅपड्रॅगनच्या लॅपटॉपवर?

ॲपलच्या एम मालिकेवर व्हर्च्युअलबॉक्स 7.1 पासून चालतं, पण त्यात एआरएमसाठी, म्हणजे ॲपलच्या एम मालिकेसारख्या आणि स्नॅपड्रॅगनसारख्या प्रोसेसरसाठी, बनवलेलंच उबुंटू चालेल. इंटेल-एएमडीसाठीची नेहमीची एएमडी-64 आयएसओ चालणार नाही. मॅकवर व्हर्च्युअल मशीन चालवणारं 'यूटीएम'ही बघा. एआरएमच्या विंडोज लॅपटॉपसाठी 7.2 लागेल.

व्हीएमवेअर घेऊ का?

घ्या, व्हर्च्युअलबॉक्ससारखंच काम करणारं त्यांचं वर्कस्टेशन प्रो 2024 पासून फुकट आहे. फक्त व्हर्च्युअलबॉक्सला कंटाळून घेत असाल, तर बायोसचं सेटिंग आणि हायपर-व्हीचा तिढा तिथेही तसाच भेटेल.

सत्र संपलं. आता पूर्ण काढायचं आहे.

आधी व्हर्च्युअलबॉक्स उघडून मशीनवर उजवं क्लिक, 'रिमूव्ह' आणि 'डिलीट ऑल फाइल्स'. मग विंडोजच्या ॲप्समधून प्रोग्रॅम काढा. हा क्रम उलटा केलात तर तुमच्या यूजर फोल्डरमधल्या 'व्हर्च्युअलबॉक्स व्हीएम्स'मध्ये वीस-तीस जीबीची फाइल तशीच पडून राहते. उतरवलेली आयएसओ डाउनलोड्समधून काढा. मेमरी इंटिग्रिटी बंद केली असेल तर ती चालू करा, रीस्टार्ट करा, आणि ती चालू झाली आहे का ते पुन्हा एकदा उघडून बघा.